तहकूब व्याजाचा सापळा

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता लहान वाटेल. अमेरिकेतील एखादा तरुण दुकानात जातो, क्रेडिट कार्डावर पलंग किंवा दूरचित्रवाणी संच घेतो आणि वर्षभराने त्याच्या बिलात व्याजाची एक अनपेक्षित रक्कम येऊन पडते. एवढीच ही हकिगत. परंतु वित्तभांडवल श्रमजीवी माणसाच्या घरात कोणत्या वाटेने शिरते हे समजून घ्यायचे असेल, तर मोठमोठ्या बँकांच्या ताळेबंदांइतकेच या एका बिलाकडेही बारकाईने पाहिले पाहिजे. शिवाय कार्डावरची खरेदी आणि हप्तेबंदी आता आपल्या देशातील शहरी तरुणांच्या नित्य व्यवहारात आलेली आहे. तेव्हा हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

व्यवहाराचे स्वरूप

अमेरिकेत फर्निचर, विद्युत उपकरणे, घरदुरुस्तीचे सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांतून एक जाहिरात सर्रास आढळते: "बारा महिन्यांत संपूर्ण रक्कम फेडल्यास व्याज नाही." मुदत कोठे सहा महिन्यांची, कोठे अठरा महिन्यांची, कोठे दोन वर्षांची असते. यासाठी दुकानाच्या नावाचे कार्ड घ्यावे लागते. कार्डावर नाव दुकानाचे असले तरी कर्ज देणारी बँक असते. अर्ज गल्ल्यापाशीच भरला जातो, मंजुरी काही मिनिटांत मिळते आणि माल घरी येतो.

या जाहिरातीचा सारा अर्थ "संपूर्ण" या एका शब्दात साठवलेला आहे. व्याज येथे माफ झालेले नसते, ते तहकूब ठेवलेले असते. खरेदीच्या दिवसापासून बँक शिल्लक रकमेवर व्याज आकारते आणि ते बाजूला मांडून ठेवते. मुदतीच्या अखेरीस पै अन् पै फिटलेली असेल तर मांडलेले व्याज पुसले जाते. थोडीशीही बाकी राहिली, तर बाजूला मांडलेले सगळे व्याज एकदम कर्जात मिळवले जाते. बाकी पाच डॉलरांची आहे की पाचशे डॉलरांची, याने या नियमात फरक पडत नाही.

एक उदाहरण पाहू. मालगोदामात नोकरीला लागलेली २३ वर्षांची एक तरुणी प्रथमच स्वतंत्र बिऱ्हाड थाटते, असे समजा. ती १,२०० डॉलरांचा पलंग आणि गादी घेते. मुदत बारा महिन्यांची. तहकूब व्याजाचा दर वर्षाला २७ टक्के, म्हणजे महिन्याला सव्वादोन टक्के. दरमहा १०० डॉलर भरले की कर्ज नेमके मुदतीत फिटते. ती अकरा महिने तसे भरतेही. मात्र सातव्या महिन्यात तिच्या पाळ्या कमी होतात, पगार घटतो आणि त्या महिन्यात ती ४० डॉलरच भरू शकते. वर्षाअखेर १,१४० डॉलर फिटलेले असतात, ६० डॉलर राहतात. पुढच्या बिलात तिला दिसते ते असे: बाकी ६० डॉलर आणि त्यावर वर्षभराचे व्याज सुमारे १८२ डॉलर. व्याजावरचे व्याज न धरता केलेला हा स्थूल हिशेब आहे. साठ डॉलरांच्या बाकीपायी तिच्यावर बाकीच्या तिप्पट रक्कम चढली.

आता याच खरेदीवर वर्षभर खरोखरच शून्य टक्के व्याज असते तर? अशा व्यवहारात मुदत संपल्यावर व्याज लागते ते उरलेल्या रकमेवर आणि तेथून पुढे. साठ डॉलरांवर पहिल्या महिन्याचे व्याज झाले असते १ डॉलर ३५ सेंट. दोन्ही जाहिराती ग्राहकाच्या कानाला सारख्याच गोड लागतात. परंतु एकीत चूक झाली तर सव्वा डॉलर जातो, दुसरीत १८२ डॉलर.

दुसरी शक्यता याहून वाईट आहे. बँकेच्या बिलावर "किमान भरावयाची रक्कम" छापलेली असते. ही रक्कम भरत राहिले की खाते नियमित राहते. परंतु तेवढ्याने कर्ज मुदतीत फिटेलच असे नसते. समजा, किमान रक्कम ३० डॉलर आहे आणि ती तरुणी, बिलात मागितले तेवढे भरले, या समाधानात वर्षभर तीच भरते. तिने ३६० डॉलर दिलेले असतात. ८४० डॉलर बाकी असतात. त्यात तहकूब व्याजाचे सुमारे २७९ डॉलर मिळतात आणि कर्ज होते १,११९ डॉलर. एक वर्ष, बारा हप्ते, एकही हप्ता चुकलेला नाही. आणि १,२०० डॉलरांचे कर्ज कमी झाले आहे ते अवघ्या ८१ डॉलरांनी.

या आकड्यांचे श्रमात रूपांतर केले म्हणजे त्यांचा खरा अर्थ कळतो. अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७ डॉलर २५ सेंट एवढेच राहिले आहे. अनेक राज्यांनी स्वतःचे वेतनमान वाढवले असले, तरी ज्यांना हा केंद्रीय दरच लागू आहे त्यांच्या दृष्टीने १८२ डॉलर म्हणजे पंचवीस तासांहून अधिक काम. सातव्या महिन्यात मालकाने तिच्या पाळ्या कापल्या. त्याची भरपाई म्हणून वर्षाअखेर बँकेने तिचे तीन दिवसांहून अधिक श्रम घेतले.

तरुणच अधिक का सापडतात?

घर मांडण्याचे वय म्हणजे खरेदीचे वय. पलंग, शीतकपाट, संगणक या वस्तू याच वयात प्रथम घ्याव्या लागतात आणि गाठीला बचत मात्र याच वयात सर्वांत कमी असते. त्यातच अमेरिकी तरुणांवर शिक्षणाच्या कर्जाचे ओझे आहे. देशभरच्या या कर्जांची एकूण रक्कम दीड लाख कोटी डॉलरांहून अधिक आहे. नोकरी तासांवर, तास मालकाच्या मर्जीवर. त्यामुळे बारा महिने एकसारखा हप्ता भरण्याची हमी कोणाला देता येत नाही.

याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. त्या देशात प्रत्येक कर्जदाराच्या परतफेडीची नोंद ठेवून त्याला पतगुणांक दिला जातो. घर भाड्याने घ्यायचे, मोटार घ्यायची, कित्येकदा दूरध्वनीची जोडणी घ्यायची, तरी हा गुणांक पाहिला जातो. ज्याने कधी कर्ज घेतले नाही त्याची पत नाही, आणि पत नाही तर चांगले कर्ज नाही. या चक्रात शिरण्यासाठी तरुणाला जे कार्ड सहज मिळते ते बहुधा दुकानाचे. त्यावरील व्याजाचा दर सामान्य कार्डापेक्षा चढा असतो. कमी पतगुणांक असलेल्या ग्राहकांना मुदतीत कर्ज फेडणे अधिक वेळा जमत नाही, असे तेथील ग्राहक वित्त संरक्षण विभागाच्या पाहण्यांतूनच पुढे आले आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे तो मुदतीत फेडतो आणि फुकट कर्ज वापरतो. ज्याच्यापाशी नाही तो स्वतःचे व्याज भरतो आणि ही सवलत बँकेला फायद्याची करून देतो.

दातांच्या दवाखान्यातला सावकार

पलंग घेणे पुढे ढकलता येते. दाढदुखी पुढे ढकलता येत नाही. तहकूब व्याजाचे कर्ज अमेरिकेत दंतवैद्य आणि डॉक्टर यांच्या दवाखान्यांतही पोहोचले आहे. रुग्ण खुर्चीत बसलेला, खर्चाचा आकडा समोर, आणि स्वागतकक्षातील कर्मचारी कार्डाचा अर्ज पुढे करतो.

डिसेंबर २०१३ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण विभागाने जीई कॅपिटल रिटेल बँक आणि तिची केअरक्रेडिट ही शाखा यांच्याविरुद्ध आदेश काढला. रुग्णांना कार्ड देताना तहकूब व्याजाच्या अटी नीट समजावून सांगितल्या गेल्या नाहीत, कित्येकांना हे बिनव्याजी कर्जच वाटले, असा ठपका ठेवून ३ कोटी ४१ लाख डॉलरांपर्यंत रक्कम ग्राहकांना परत करण्यास सांगण्यात आले. त्या कार्डावरील व्याजाचा दर होता २६.९९ टक्के. मे २०२३ मध्ये त्याच विभागाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०१८ ते २०२० या तीन वर्षांत अशा कार्डांवर आणि कर्जांवर जवळजवळ २,३०० कोटी डॉलरांचा वैद्यकीय खर्च केला गेला आणि त्यापोटी रुग्णांनी १०० कोटी डॉलर तहकूब व्याज भरले. सार्वत्रिक सार्वजनिक आरोग्यव्यवस्था नसल्याची किंमत कोणत्या खिडकीवर वसूल होते, हे या एका आकड्यावरून दिसते.

कायद्याची वाटचाल

एकेकाळी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत व्याजाच्या दरावर कायद्याने मर्यादा होती. १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्क्वेट बँक खटल्यात निकाल दिला की, राष्ट्रीय बँक जेथे स्थित आहे त्या राज्यातील दर ती इतर राज्यांतील ग्राहकांनाही लावू शकते. साऊथ डाकोटा राज्याने १९८० मध्ये व्याजावरची मर्यादा काढून टाकली आणि सिटी बँकेने आपला कार्डांचा कारभार न्यूयॉर्कहून तेथे हलवला. डेलावेअर राज्यानेही १९८१ मध्ये हाच मार्ग धरला. उरलेल्या राज्यांच्या मर्यादा कागदावर राहिल्या. भांडवलाने सर्वांत सैल कायद्याचे घर शोधले आणि तेथून साऱ्या देशात वसुली सुरू केली.

२००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर लोकक्षोभ वाढला. तहकूब व्याजाची प्रथा बंद करण्याची दिशा फेडरल रिझर्व्हने प्रथम घेतली होती. पण नंतर तिने माघार घेतली आणि काही बंधने घालून ती चालू ठेवली. मे २००९ मध्ये क्रेडिट कार्डांसंबंधीचा नवा कायदा झाला. २१ वर्षांखालील तरुणाला कार्ड देताना त्याचे स्वतःचे उत्पन्न किंवा सहस्वाक्षरी करणारा प्रौढ आवश्यक ठरला. महाविद्यालयांच्या आवारात भेटवस्तू वाटून कार्डे खपवण्यास मनाई झाली. सवलतीची मुदत किमान सहा महिन्यांची असावी, "व्याज नाही" या शब्दांच्या जवळच "संपूर्ण फेडल्यास" हे शब्द असावेत, मुदत चालू असेपर्यंतच्या प्रत्येक बिलावर अखेरची तारीख स्पष्ट द्यावी, अशी बंधने आली.

या सुधारणा निरुपयोगी होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांनी व्यवहाराचा गाभा तसाच ठेवला. एका बारकाव्याकडे लक्ष द्यावे. त्याच कार्डावर कोणी किराणा किंवा कपडे घेतले, तर किमान रकमेहून जास्त भरलेला पैसा आधी व्याज चालू असलेल्या त्या नव्या खरेदीकडे वळतो. तहकूब कर्जाकडे तो प्राधान्याने वळवण्याचे बंधन आहे ते शेवटच्या दोन बिलांपुरते. म्हणजे ग्राहकाला वाटते आपण पलंगाचे पैसे फेडतो आहोत, आणि फिटत असतो किराणा.

२०१७ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण विभागाने दुकानांची कार्डे चालवणाऱ्या कंपन्यांना पत्रे पाठवून, तहकूब व्याजाऐवजी खरीखुरी शून्य व्याजाची योजना विचारात घ्यावी, असे सुचवले. सूचनाच ती, बंधन नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर ट्रम्प प्रशासनाच्या हंगामी प्रमुखाने या विभागाच्याच कर्मचाऱ्यांना काम थांबवण्याचे आदेश दिले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ज्या पहारेकऱ्याची नेमणूक एका अरिष्टानंतर झाली, त्याला राजकीय वारे बदलताच घरी बसवता येते, हा यातील धडा.

जुना रोखा आणि नवे कार्ड

मराठी माणसाला व्याजाचा हा खेळ अगदीच अपरिचित नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, आणि दख्खनच्या त्या उठावात त्यांनी मुख्यतः रोखे, दस्तऐवज आणि हिशेबाच्या वह्या हस्तगत करून जाळल्या. ज्या कागदाने आपल्याला बांधले आहे तो कागद आपल्याला वाचता येत नाही, ही त्यामागची जाणीव होती. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने, रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा हिशेब तपासण्याचे काम न्यायालयांवर सोपवले. दामदुपटीचा जुना नियमही मुंबई इलाख्यात मानला जाई: एका वेळी वसूल होणारे व्याज मुदलाहून अधिक असू नये. ६० डॉलरांच्या बाकीवर १८२ डॉलर चढवणारी बँक म्हणेल की हे व्याज मूळ १,२०० डॉलरांवरचे आहे. हिशेबाच्या भाषेत ते खरेही आहे. परंतु अकरा महिने कर्जदाराला ज्या व्याजाचा भार जाणवू दिला नाही, ते एका दिवसात उभे करणे, हा रोख्याच्या मागे दडलेलाच व्यवहार झाला.

भारतात आज काय दिसते? अमेरिकेतील तहकूब व्याजाची रचना आणि आपल्याकडील "नो कॉस्ट" हप्तेबंदी एक नव्हेत. आपल्याकडे हप्ता ठरलेला असतो आणि मुदतीत कर्ज आपोआप फिटत जाते. फसगत येथे वेगळ्या जागी होते. व्याज असतेच, तेवढ्याच रकमेची सूट किमतीत दाखवून ते झाकले जाते. व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, कोठे प्रक्रिया शुल्क लागते, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळू शकणारी सूट गमवावी लागते. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही आणि अशा योजनांत व्याज शुल्काच्या रूपाने लपवले जाते. २०२२ च्या निर्देशांत तिने मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवण्याचे बंधन घातले.

अमेरिकी सापळ्याशी खरे साम्य आहे ते आपल्याकडील साध्या कार्डाच्या बिलात. बिल पूर्ण भरले तर सुमारे दीड महिना व्याज नाही. पूर्ण न भरल्यास बिनव्याजी मुदतीचा लाभ जातो आणि, अनेक बँकांच्या अटींनुसार, खरेदीच्या तारखेपासून व्याज लागते. दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरा. २०,००० रुपयांची खरेदी केली, ४५ दिवसांनी १९,००० भरले, हजार राहिले. त्या ४५ दिवसांचे पूर्ण वीस हजारांवरचे व्याज होते सुमारे १,०३६ रुपये, कर वेगळा. बाकी हजाराची आणि व्याज हजाराहून अधिक! वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली होती.

दोष कोणाचा?

या विषयावर बोलताना एक आक्षेप हमखास येतो: तरुणांनी करार वाचायला नको का? उधळपट्टी कशाला करावी? आक्षेप फेटाळून लावण्यासारखा नाही. न परवडणारी वस्तू केवळ शेजाऱ्याकडे आहे म्हणून घेणारे तरुण आहेत, आणि जाहिरातींनी जागवलेल्या हव्यासावर टीका केलीच पाहिजे. परंतु वरील उदाहरणातील तरुणीने कोणती उधळपट्टी केली? तिने झोपायला पलंग घेतला आणि १,२०० पैकी १,१४० डॉलर वेळेत फेडले. ज्या करारात ९५ टक्के कर्ज फेडणारा माणूस आणि काहीच न फेडणारा माणूस या दोघांचीही सवलत सारखीच बुडते, तो करार काटकसरीची परीक्षा घेत नाही. तो चुकीची वाट पाहत बसतो.

कार्ल मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, कामगाराला उत्पादनाच्या जागी सोसावे लागणारे मूळ शोषण आणि त्याच्या बरोबरीने घरभाडे, उधारी यांच्या मार्गाने होणारे दुय्यम शोषण, असा भेद केला आहे. तहकूब व्याज या दुसऱ्या प्रकारात मोडते. वेतन कारखान्यात ठरते; त्या वेतनातला एक तुकडा वर्षभराने, कोणताही संघर्ष न होता, एका बिलातून परत जातो. संघर्ष होत नाही, कारण प्रत्येक कर्जदार आपले बिल एकटा उघडतो आणि स्वतःलाच दोष देतो. ही लाज बँकेच्या फार उपयोगाची आहे.

काय करता येईल?

पहिले काम हिशेबाचे. तहकूब व्याजाचे कर्ज घेतलेच असेल, तर बिलावरच्या किमान रकमेकडे पाहू नये. मूळ रकमेला मुदतीच्या महिन्यांहून एक कमी अशा संख्येने भागावे आणि तेवढा हप्ता ठरवावा. म्हणजे शेवटचा महिना अडीअडचणीसाठी मोकळा राहतो. १,२०० डॉलरांना अकराने भागले तर हप्ता सुमारे ११० डॉलर येतो. सातव्या महिन्यात ७० डॉलर कमी पडले तरी बाराव्या महिन्यात ते भरता येतात आणि व्याज लागत नाही. ते कर्ज फिटेपर्यंत त्याच कार्डावर दुसरी खरेदी करू नये. मुदत संपण्याची तारीख आणि बिल भरण्याची तारीख एकच असेल असे धरून चालू नये. दोन्ही लिहून ठेवाव्यात. भारतातील कार्डधारकाने बिल पूर्ण भरावे. ते शक्य नसेल तर कार्ड वापरणे त्या दिवसापासून थांबवावे आणि हप्तेबंदी करून घ्यायची असल्यास व्याज, शुल्क आणि कर यांची बेरीज आधी लेखी मागावी.

दुसरे काम माणसे जोडण्याचे. वस्तीत, वसतिगृहात, कामाच्या ठिकाणी एखादा तरुण बिल लपवत असेल, तर त्याला उपदेश ऐकवण्याआधी त्याच्या शेजारी बसून ते बिल ओळीओळीने वाचावे. दहा जणांची बिले एकत्र वाचली गेली की दहा जणांच्या चुका दिसण्याऐवजी एक पद्धत दिसू लागते. तक्रार लेखी करावी. बँकेकडून ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, हे फार थोड्या तरुणांना ठाऊक आहे.

तिसरे काम मागणीचे. व्याज लागायचे तर ते उरलेल्या रकमेवर आणि तेथून पुढे लागावे. गेलेल्या काळावर मागे जाऊन लागू नये. व्याजाच्या दरावर कायद्याची मर्यादा असावी. बिलावर किमान रकमेइतक्याच मोठ्या अक्षरांत, कर्ज मुदतीत फेडण्यास लागणारा हप्ता छापावा. या मागण्यांत अशक्य असे काहीही नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण तो वाचण्याचा दुसरा मार्ग त्यांना उपलब्ध नव्हता. आजच्या तरुणाला तो कागद वाचता येतो. मात्र तो त्याला एकट्याला वाचावा लागू नये, याची जबाबदारी संघटित कार्यकर्त्यांनी घ्यायची आहे.